निळं काँक्रीट

गुनव्होरबाईंच्या घराच्या भिंती निळसर आहेत.
रंग लावलेला नाही, काँक्रीटच तसं,
काळा शेल जाळून, दळून ओतलेलं.
मागे नगरपालिकेचा माणूस एक डबी ठेवून गेला,
तीन महिन्यांनी पत्र आलं:
रेडॉन जास्त आहे, हवा खेळती ठेवा.
तेव्हापासून जानेवारीतसुद्धा, उणे अठरात,
त्या स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडतात
आणि मगच कॉफी ठेवतात.

नात इल्वा आलीय राहायला.
दिवसभर क्वार्नटॉर्पच्या शेडमध्ये
ड्रिलने काढलेला दगड पेट्यांत मांडत असते,
वीतवीतभर, पाटीसारखा काळा,
पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा चिखल.
मधेच एखादा गोळा फोडला की रॉकेलचा वास सुटतो,
हातमोज्यांना दोन दिवस येत राहतो.

रात्री ती आजीला सांगते:
तळाशी तेव्हा प्राणवायू नव्हता.
मेलेलं धड कुजायचंही नाही.
सडक्या अंड्यांच्या वासाचं पाणी,
त्यात विरघळलेलं मोलिब्डेनम
खाली चिखलात येऊन बसायचं.
युरेनियमही. ते तुझ्या भिंतीत आहे.
"म्हणजे त्या समुद्राला खिडकी नव्हती,"
आजी म्हणते, आणि बशी पुसून ठेवते.

बेचाळीस मीटरवर आकडा घसरतो.
मोलिब्डेनम एकदम निम्म्याच्याही खाली.
याचे अर्थ दोन.
प्राणवायू परतला असेल,
चिखलावरून ट्रायलोबाइट पुन्हा रांगले असतील.
किंवा घुसमट इतकी दूरवर पसरली,
इतक्या समुद्रांच्या तळांनी इतकं ओढून घेतलं
की पाण्याजवळ द्यायला काही उरलंच नाही.
यंत्र दोन्हींना तोच आकडा देतं.

आजी बराच वेळ साखर ढवळते.
मग सिक्स्टेनचा विषय काढते.
शेलच्या भट्ट्यांवर होता, कारखाना बंद पडेपर्यंत.
शेवटची नऊ वर्षं जेवताना बोलला नाही.
मीठ दे, एवढंच.
"मला वाटायचं, निवांत झालाय माणूस.
मी आपलं ठरवूनच टाकलं होतं तसं."

इल्वा म्हणते, दुसरा साक्षीदार लागतो, आजी.
लोखंड किती गंधकाला जाऊन मिळालं ते बघतो आम्ही.
आणि पायराइटचे कण, तुतीच्या फळासारखे,
मोठे असले तर तळाच्या गाळात वाढलेले.
बारीक असले तर वरच्या पाण्यातच जन्मलेले,
म्हणजे तिथवर घुसमट चढलेली.
बोलता बोलता ती थांबते.
आजोबांचा कोट अजून खुंटीला आहे,
त्याच्या खिशात ओरेब्रोचं बसचं तिकीट निघालं होतं,
जायचं आणि यायचं, एकाच दिवसाचं.
कशाला गेले होते, कुणाला माहीत नाही.

रविवारी दोघी राखेच्या टेकडीवर जातात.
चारशेच्या वर पायऱ्या; आजी साठाव्या पायरीवर बसते.
सगळीकडे बर्फ, इथे मात्र ओली काळी जमीन,
आणि भेगेतून वाफ.
इतकी वर्षं झाली, आत जळतंच आहे,
हवा कधी न भेटलेला तो चिखल
हवा भेटल्यापासून.
आजी हातमोजा काढते, तळवा टेकते.
"गरम आहे गं."

इल्वाच्या फोनवर प्रयोगशाळेचा निरोप येतो.
बेचाळीस मीटर. कण सगळे पाच मायक्रॉनच्या आत.
ती वाचते, फोन खिशात टाकते,
आजीचा हातमोजा हातात धरून उभी राहते.