तिथीची पाऊणपट

हर्णैच्या बंदराला लागून बर्फाचा कारखाना,
त्याच्या माळ्यावर आमचं ऑफिस.
भिंतीवर तीन घड्याळं, मीच लावलेली :
ओसाका, व्हिगो, आणि मधलं आमचं,
जे खाऱ्या हवेनं महिन्याला दोन मिनिटं गिळतं.

माझं काम एवढंच,
तीन ठिकाणची माणसं एका वेळी एका खोलीत आणायची.
खोली कुठेच नसते.
नऊ आकडे टाकले की तिचं दार उघडतं.
मोरितासान येतात ऑफिस बंद व्हायच्या घाईत,
व्हिगोच्या इनेसबाई सकाळची कॉफी ढवळत,
आणि हरेश्वरशेठ लिलाव अर्धा सोडून,
पायाची वाळू जिन्यावर सांडत.

तीन वर्षांत मी त्या खोलीत दोनच वाक्यं बोलले.
माझा आवाज येतोय का?
आणि, जरा थांबा, लाइट गेली.

वेळा मला तोंडपाठ.
बाबा होड्यांवर होते, त्यांनी शिकवलेलं,
तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
ओसाकाला साडेतीन मिळव, व्हिगोचे साडेचार वजा कर,
त्यात काय मोठंसं.

पण मार्चच्या शेवटच्या रविवारी
तिकडे सगळा देश उठून काटा एक तास पुढे ढकलतो,
हे बाबांच्या हिशेबात कुठे असणार?

सोमवारी धूळवड. शेठ पालखीबरोबर गावात.
दीडच्या कॉलला अजून तास होता,
मी डबा उघडला, सुकटीची चटणी, भाकरी,
आणि संगणक वाजला.
इनेसबाई. एकट्याच.
त्यांच्याकडे नऊ वाजले होते, ठरल्याप्रमाणे.

माझा आवाज येतोय का, मी विचारलं.
येतोय, त्या म्हणाल्या. तुझं नाव काय?

तीन वर्षांनी.

कालिंदी, म्हटलं. त्यांना ते नीट म्हणता येईना,
चार वेळा म्हणून पाहिलं, मग आम्ही हसलो.
खिडकीतून पाणी दिसतंय का, त्यांनी विचारलं.
दिसतंय. आज वद्य प्रतिपदा,
पाऊण वाजता भरती पुरी होईल.
त्या म्हणाल्या, माझे वडीलही बोटीवरचे,
ते भिंतीवर खडूने लिहायचे.

मग कॉफीचा कप बाजूला ठेवून,
त्याच आवाजात,
मागच्या कंटेनरला तिसऱ्या पेटीपासून वास होता. का?

खोटं बोलायला मला इंग्रजी कमी पडलं,
असं मी नंतर स्वतःला सांगितलं.
खरं तर पुरलं असतं.
मी म्हटलं, फेब्रुवारीत एका गुरुवारी
चौदा तास लाइट नव्हती. खाली बर्फ झालाच नाही.
माकुल दोन रात्री टबातच पडून.

बरं, एवढंच म्हणाल्या. आणि लिहून घेतलं.
पेनाचा आवाज इथवर आला.

दीडला शेठ आले, कानात गुलाल,
भुवया हिरव्या, तसेच कॅमेऱ्यासमोर बसले.
मोरितासान वाकले. शेठही वाकले.
इनेसबाई म्हणाल्या, भावाचं नंतर,
आधी बर्फाबद्दल बोलू.

शेठ माझ्याकडे वळले.
म्यूट कर गो.
केलं.
पडद्यावर दोघं गप्प, वाट बघत.
खाली बर्फ फोडायचं यंत्र धडधडत होतं,
जमीन थरथरत होती, टेबलावरचा चहा पण.

मीच सांगितलं, मी म्हटलं.

शेठ खिडकीकडे बघत राहिले.
ओहोटी लागली होती,
गाळात रुतायच्या आत कुणाची तरी होडी
दोघं जण ढकलत होते.
भुवईवरून रंग पुसला त्यांनी, तो गालावर आला.

मोठ्या जनरेटरचा भाव विचारून ठेव उद्या.
आणि ते घड्याळ नीट कर, व्हिगोचं.

मग मान हलवून
काढ, म्हणाले, म्यूट काढ.