काटा

हैदराबाद रोडला, टायरवाल्याच्या मागं,
मैनोद्दीन मिस्त्रीच्या शेडमध्ये मी खोका उघडला
तेव्हा तो हसला:
"थर्मामीटर लावलालास का बे गाडीला?"

आत एक वाटोळी तबकडी, तळहातात मावणारी,
एकच काटा, वेळ न सांगणारा.
पितळी टी, सेन्सर, लांबडी वायर,
तांब्याचे वॉशर कागदावर चार,
पिशवीत तीन.

मे महिना. पाना हातात धरवत नव्हता.
फिल्टर आणि पंपाच्या मधली नळी सोडली
तसं डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं.
चौथ्यासाठी मिस्त्रीनं जुनाच वॉशर घेतला,
स्टोव्हवर लाल केला, टमरेलात विझवला.
"तांबं असं केलं की मऊ होतं.
लोखंडाचं उलटं."
एका गोष्टीवर मात्र अडून बसला:
केबिनमध्ये वायर जाईल, डिझेल नाही.
"आत नळी फुटली तर मांडीवर दिवाळी."

मार्कंडेयाच्या फोटोखाली, उजव्या खांबावर
दोन स्क्रू मारून तबकडी बसवली.
हातपंप मारत राहिलो.
फेस, फेस, परत फेस,
मग नितळ धार.
सेल्फ मारला. काटा उठला, थरथरला,
दोनावर उभा राहिला.

नाना स्टुलावर बसून बघत होते.
पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस,
ताण्याला बोटाची पाठ लावून सांगायचा
कुठला धागा तुटणार.
कानानं आता कमी येतं. त्यांनी विचारलं,
"ह्याला किती पडले?"
मी बोटं दाखवली.
त्यांनी बोटं परत मोजली.

तीन महिने हेच चाललेलं.
टॉवेल-चादरीचे गठ्ठे भरून तुळजापूरचा घाट लागला
की तिसऱ्या गिअरला गाडीचा दम जायचा.
दहा मिनिटं थांबलं की
काही झालंच नाही अशी चालायची.
दोन फिल्टर बदलले, एक फीडपंप,
नोझल काढून तपासून आणले.
आणि रेवण.
डिझेल विकून रॉकेल भरतोस म्हणून
रात्री साडेअकराला बाळ्याला उतरवलं त्याला,
चादर आणि स्टीलचा डबा हातात देऊन.
तो काही बोलला नव्हता.
त्याचाच मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीनं घाट.
दोन.
पावणेदोन.
वळण. दीड.
एक.
काटा पडत नव्हता, बसत होता,
पाळी संपवून आलेला माणूस
ओट्यावर बसतो तसा.
गाडी बंद केली. विडीवाल्या बाईकडनं पाणी घेतलं.
चालू केली. दोन.

वर येऊन मिस्त्रीला फोन लावला.
"पंप नाय बे ते. कायतर तोंडाला चिकटतंय,
बंद केलं की गळून पडतंय.
खाली करून ये, टाकी उघडू."

टाकीतनं निघाला मूठभर सुताचा बोळा.
डिझेलनं काळा झालेला,
पिळला तर आत लाल धागा, हिरवा धागा.
नानांच्या कारखान्यातलं वेस्ट,
आम्ही हात पुसायला आणतो ते.
दिवाळीत झाकण हरवलं तेव्हा
तोंडात मीच कोंबला होता.
नवं झाकण घेतलं त्या दिवशी
बोळा कुठं गेला हे मला सुचलं नाही.
झाकण लावायला रेवण होता.
"बोळा आत गेला वाटतं," म्हणाला होता का?
म्हणाला असेल.

मिस्त्रीनं बोळा पत्र्यावर वाळत टाकला.
"पुसायला चालंल."
तबकडी काढू का, विचारलं. राहू दे म्हटलं.

आता तिला काही काम नाही.
भरल्या गाडीनं घाट चढतो, काटा दोनावर,
मी उगीच बघत राहतो.
अठरा दिवसांचा पगार पाकिटात वेगळा ठेवलाय.
फोनमध्ये नंबर अजून "रेवण क्लीनर" असाच आहे.
घाटाच्या पायथ्यापर्यंत रेंज असते.
मध्ये जाते.
वर आलं की परत येते.