अठरा किलो चारशे

होटगी रोडवरचं डोळ्यांचं हॉस्पिटल. गच्चीवर एकच मोठं यंत्र,
खाली अकरा खोल्या,
अकराजणींचा श्वास तांब्याच्या एकाच जोडनळीतून.
सात नंबरची खोली परवापासून गरम फुंकते,
म्हणून आज अकराही बंद.

मेचा दुसरा आठवडा. सकाळी आठलाच
जिन्यावरचा पत्रा बोट लावू देत नाही.
कलशेट्टी सुपरवायझर सावलीतनंच ओरडले,
"कशाला बे एवढं मशीन न् सिलिंडर?
सोड की हवेत. वर कोण बघतंय?"

कोणी नाही बघत, खरंय.
रंग नाही त्याला, वास म्हणावा असा नाही,
उघडलं तर एक लांब शिट्टी
आणि पंधरा मिनिटांत आपण मोकळे.
मौलालीचाचांनी तरुणपणी अशा पुष्कळ शिट्ट्या वाजवल्या.
त्यांच्या डाव्या अंगठ्यावर पांढरा डाग आहे.
म्हणतात, "गरम जाळतं ते लगेच कळतं, बेटा.
थंड जाळतं ते नंतर."

म्हणून हातमोजे.
म्हणून चष्मा, घामानं आंधळा झाला तरी.

आधी अकराही व्हॉल्व्ह उघडायला लावायचे,
नाहीतर दोन बंद दारांमध्ये गॅस कोंडून बसतो
आणि आपण समजतो घर रिकामं.
मग काट्यावर सिलिंडर,
राखाडी अंग, पिवळे खांदे.
रेवणला म्हटलं, आकडा मोठ्यानं वाच.
"दोन सहाशे... तीन शंभर..."
मंडईत कांदे तोलावे तसा वाचत होता.

सिलिंडर तापायला लागला.
डब्याचा टॉवेल सोडला, आमच्याच मागावरचा,
भिजवून त्याच्या खांद्यांवर टाकला.
नाना साखर पेठेत माग चालवायचे.
संध्याकाळी त्यांच्या खिशातून
तुटक्या दारमची टोकं निघायची.
दारम म्हणजे सूत, आमच्या घरच्या तेलुगूत.
वीतभर, बोटभर, काही तर नखाएवढी.
मी हसायचो.
मालकाचं सूत, मालकाचा तोटा, तुम्ही कशाला वेचता?
ते उत्तर द्यायचे नाहीत. खोकायचे.

नऊ सहाशेला थांबवलं.
"अजून मावंल की," रेवण.
मावेल. पण दुपारी आतलं पातळ फुगतं,
त्याला कूस बदलायला जागा ठेवावी लागते.
दुसरा सिलिंडर लावला.

काटा शून्याच्या खाली गेला. मशीन बंद.
रेवण नळ्या सोडायला वाकला, त्याला थांबवलं.
पाच मिनिटं नुसते बसलो, पाठीला पाठ लावून,
टाकीच्या एवढ्याशा सावलीत.
काटा हळूच वर सरकला.
तेलात दडून बसलेला होता थोडा,
सगळे गेले असं वाटल्यावर बाहेर येणारा.
पुन्हा ओढला. पुन्हा बसलो.

शेवटचं वजन टॉवेल काढून, पुसून:
दोन्ही मिळून पंधरा किलो शंभर.
यंत्राच्या पाटीवर लिहिलंय अठरा चारशे.
तीन किलो तीनशे मी यायच्या आधीच गेलेत,
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून,
कुणालाही न सांगता, सोलापूरच्या आभाळात.
"अठराच लिही," कलशेट्टी म्हणाले, "कशाला कटकट."
मी पंधरा शंभर लिहिलं.
शेजारच्या रकान्यात तीन तीनशे,
आणि सही जरा दाबून केली.

चाचांचा फोन.
ते "झालं का" असं कधीच विचारत नाहीत.
"किती परत आला?"

सिलिंडर दोघांनी धरून उतरवत होतो,
उभाच, लहान पोराला जिना उतरवावा तसा.
दुसऱ्या मजल्यावर बाकावर एक म्हातारी,
एका डोळ्यावर पट्टी, हातात पुठ्ठ्याचा पंखा.
लोखंडाचा आवाज ऐकून म्हणाली,
"गॅस आला का रं?"
नाही आजी, चाललाय.
ह्यातच तुमचा गारवा आहे सगळा, भरून नेतोय.

पंखा थांबला.
"सगळा नेतोस? आन् आमाला काय ठेवलंस?"

उद्या, म्हटलं.
आधी भोक बुजवतो.