आठ निऱ्या

दारूखान्यात, गाळा नंबर सत्तेचाळीस.
बाहेर कुठल्याशा जहाजाचं पोट
गॅसकटरनं उघडून ठेवलेलं,
आत आम्ही शर्यतीच्या ट्रकचं नाक बांधतोय.

नाक म्हणजे चार नळ्या.
काम एकच:
वेळ आली की नीट चिरडणं.

पहिली दीड फुटाची होती.
नऊ फुटांवरून तिच्यावर सोडला
अडीचशे किलोचा नांगराचा तुकडा.
ती कमरेत मुरडली, बाजूला झोपली,
धक्क्यातलं काहीच न खाता.
"नाटकी आहे," मुनाफ म्हणाला.

दुसरीची भिंत पाच मिलिमीटर.
ती उभीच राहिली.
जमीन हादरली, शेजारच्या गाळ्यात चहा सांडला,
आणि भाराच्या पाठीवर चिंध्यांत बांधलेलं अंडं
फुटून खाली ओघळलं.
नळीवर ओरखडासुद्धा नाही.

मोडेन पण वाकणार नाही,
हे आमच्या घरी वडिलांबद्दल बोललं जायचं.
माझगाव गोदीत फोरमन. साहेबासमोर मान ताठ.
तीनदा नोकरी सोडली.
लोक अजून कौतुकानं सांगतात.
मी तेव्हा त्यांच्या मागच्या सीटवर होते.

मुनाफ परकार, बाणकोटचा, बत्तीस वर्षं वेल्डिंगमध्ये,
काच वर सारून म्हणाला,
"हिला आधी एक खोट दे.
वरच्या टोकाला, चौफेर, नखाएवढी.
कुठनं मोडायचं ते तिला ठाऊक नको?"
कॉलेजात चार वर्षं मी खोट काढायला शिकले.
घालायला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसरी: दहा इंच, भिंत दोन मिलिमीटर, वर खाच.
भार सुटला.
या वेळी धाड नाही,
जुन्या पेटीचा भाता एका दमात मिटावा
तसा काहीतरी खरखरता उसासा.
वाकून मोजल्या: आठ निऱ्या,
एकीवर एक, खोचायच्या आधी
बोटांत धरून ठेवल्यासारख्या.
अंडं सुखरूप. मुनाफनं त्याची भुर्जी केली,
मला अर्धी दिली, मीठ जास्त होतं.

नोव्हेंबरात ट्रक परत आला, ट्रेलरवर,
रात्री दोनला, नाकपुड्यांत कुठल्या तरी वाळवंटाची वाळू.
डाव्या नळीला पाच निऱ्या. तीन शिल्लक.
नेव्हिल उतरला तो भांडतच:
नवी गाडी, पहिलाच टप्पा, दगड दिसलाच नाही,
नळीची वाट लागली, आता खर्च कोण देणार,
गिअरबॉक्स, पंप, एन्ट्री फी...
मी ऐकत नव्हते. त्याच्या मानेकडे बघत होते,
रागानं ती कशी माझ्याकडे, मुनाफकडे,
परत ट्रकाकडे वळत होती.

सकाळी ती नळी कापून काट्यावर ठेवली.
सातशे पंधरा ग्रॅम.
नवी होती तेव्हाही तेवढीच.
भंगारवाला म्हणाला, वाकडा माल, दोन रुपये कमी.
मी ती परत घेतली आणि खिडकीत ठेवली,
तिच्या पोकळीत आता पेन्सिली राहतात.

मुनाफनं पट्टी उचलली. "पुढची?"
दहाच इंच.
खाच विसरू नको.