पुकारा

चार वर्षं ही किल्ली
मी पिठाच्या डब्यात लपवली होती.
आज चौकात दवंडी: नव्या राजानं
न्यायालयं पुन्हा बसवली.
रेन शहरभर घंटा, सायडर फुकट.

कुलूप मात्र ऐकेना.
हंसाची चरबी चोळली, राजाचं नाव घेतलं,
शेवटी खांदा लावला.

आत ओल. न्यायमूर्ती केर्गोएतांच्या खुर्चीत
घुबडाची घाण,
लाल झग्यांना कसर,
आणि दाव्यांच्या गठ्ठ्यांचा निकाल
उंदरांनी केव्हाच लावलेला.

केर्गोएत हद्दपारीतून परतले ते दात गमावून.
राजाचं फर्मान वाचताना
निम्मे शब्द फुसफुसले;
आम्ही तरी टोप्या उडवल्या.

गर्दी पांगल्यावर दारात पेरिन ल गॉफ,
लाकडी बुटांत, गिरणीच्या पाटाची वादी.
तेव्हा तिला पुढची तारीख मंगळवारची पडली होती.
"आज मंगळवारच की," ती म्हणाली.

प्रतिवादी दोन हिवाळ्यांमागं मेला.
पाटात आता चिडवणीचं रान.
कागद कुठले!

मी काही बोललो नाही.
बाकावरची धूळ बाहीनं पुसली,
तिला बसवलं,
आणि रिकाम्या दालनात
तिच्या नावाचा पुकारा केला,
रिवाजाप्रमाणे, तीनदा.