तीनतोंडी झडप

खारघर, सेक्टर पस्तीस. तक्रार एकोणीस दिवसांची.
दुपारी तीनला टाकीवरचा काटा चौसष्टावर,
सकाळी सहाला नळाखाली हात धरावा
तर माठातलं पाणी.

माझ्या आधी दोघे येऊन गेलेले.
पहिल्याने नळ्या ॲसिडने धुतल्या, बिल लावलं.
दुसऱ्याने सेन्सर बदलला
आणि जुना पिशवीत घालून दिला, पुरावा म्हणून.
सेक्रेटरी कुरूपबाईंचा संशय पाचव्या मजल्यावर:
तो कुलश्रेष्ठ तासभर शॉवरखाली उभा असतो.
कुलश्रेष्ठ म्हणाले, मी बादलीने आंघोळ करतो,
हवं तर येऊन बघा.

गच्चीवर चढलो. काच शाबूत,
कबुतरांनी केलेलं सोडलं तर स्वच्छ.
एका कोपऱ्यावर पाइपाचं अस्तर उसवलेलं,
कुठल्या तरी कावळिणीने घरट्याला नेलं असणार.
पण तेवढ्याने पस्तीस अंश जात नाहीत.

मी पाइपाला पालथा हात लावतो.
तळव्याला सवय झालीय, तो खोटं बोलतो.

आजा उरणच्या मिठागरावर होता.
पाणी उन्हात पसरायचं, बांधावर बसून राहायचं.
त्याने जन्मभर मीठ गोळा केलं,
मी जन्मभर नळ्यांतून खरवडतोय.
ऊन तेच. मजुरी जरा बरी.

दिवसभर पाहिलं. सगळं बरोबर.
आमच्या धंद्यात हे वाईट लक्षण.
कुरूपबाईंना म्हटलं, रात्री येतो.
रात्री कुठला सूर्य, त्या म्हणाल्या.
म्हटलं, आला का ते नाही बघायचं,
आलेला जातो कुठे, ते बघायचंय.

पहाटेचे अडीच. डोंगरावरून वारा सरळ कानात.
दोन वाजता टायमरने तलावाचा पंप लागलेला.
टाकीपासून निघालो, पालथ्या हाताने,
डक्टमधून, जिन्याच्या मागून खाली, खाली.
ऊब माझ्या पुढे चाललेली,
एकशे बारा घरांवरून,
एकाही दाराशी न थांबता.

पंपरूममध्ये तीनतोंडी झडप:
एक तोंड टाकीचं, एक पॅनेलचं, एक तलावाचं.
तिसरं रात्री मिटलेलं असायला हवं.
ते अर्धवट उघडं,
झोपेत माणसाचं राहतं तसं.

आणि बाहेर, तलावाच्या काठावर,
गरम पाण्याचं भोक जिथे उघडतं नेमकं तिथे,
वॉचमन केंद्रेमामा.
बूट शेजारी, मोजे बुटात नीट खोचलेले,
पँट गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात.
मला पाहून उठायला गेले,
पाय काही उठले नाहीत.

किती दिवस, मी विचारलं.
कळलं तवापासनं.
मग तक्रार का नाही केली?
मला कसली तक्रार, मामा म्हणाले.

थर्मामीटर सोडला. भोकापाशी चौतीस.
मग मीही एक बूट काढला,
तपासणी म्हणून.

मोटर उघडली. आत प्लास्टिकचा गिअर,
करंगळीच्या नखाएवढा, एक दात झिजलेला.
नवा वाशीहून येणार, गुरुवारी.
तोवर झडप हाताने फिरवून बंद ठेवता येते.
लगेच. त्याच मिनिटाला.

तीन वाजून दहा झाले होते.
मामा नांदेडकडच्या थंडीचं सांगत होते,
तिकडं शेकोटी तरी असती, म्हणाले,
इथं नोटीस लावलीय.
मी पाना पुसला. पुन्हा पुसला.
टाकी एव्हाना निवलीच होती म्हणा.

पाच वाजता झडप फिरवली.
रिपोर्टात वेळ लिहिली, पाच. कारण, गिअर.
खाली रकाना होता, इतर निरीक्षणे.
पेन थोडा वेळ तिथेच धरून बसलो,
मग लिहिलं:
पाचवा मजला निर्दोष.