माप

फेस्त महिन्यावर आलं की
पिएदादच्या मशीनवर लाल रंग चढायचा.
भाटकाराकडून पोतं यायचं,
पोत्यात खांद्यावरचे जुने मुर्से,
उसवलेले, मेणाचे थेंब वाळून कडक झालेले,
आणि एक चिठ्ठी :
नवे बारा. याच मापाचे.

माप द्यायला माणूस कधी आला नाही.
कोंफ्रारियाच्या खांद्याला
खारेवाड्यावरच्या बाईचा हात कसा लागणार?
त्या महिनाभर तिची टेप
खिळ्याला लोंबत राहायची.

तरी तिला सगळं ठाऊक होतं.
आल्सिद भाटकाराचा डावा खांदा बोटभर उतरलेला,
दोतोराची मान वर्षागणिक जाड होत चाललेली,
आणि आणखी कुणी एक, नाव नाही माहीत,
मिरवणुकीत इतका घामेजतो
की गळ्याशी मिठाची रेघ उमटते.
ती रेघ ती नखाने खरवडायची.
"घाम सगल्यांकच येता, बाये."

मी चौदाची. काजं करायला शिकत होते.
आई म्हणाली होती, शीक,
पण तिच्या घरचं पाणी पिऊ नको.
ही माझी आई
देवळात दुसऱ्या खांबापाशी थांबायची.
खांबाच्या पुढे महाजनांच्या बायका.
महाजनांच्या वहीत त्यांचीही नावं नव्हती,
पण त्या खांबाच्या पुढे होत्या.
आणि त्याच खांबाला पाठ टेकून
आई मला सांगायची
कुणाकुणाचं पाणी आपल्याला चालत नाही.

कौलं तापायची, मशीन धडधडायचं,
मी पाणी प्यायचे.
पिएदादने कधी घे म्हटलं नाही
आणि पिताना कधी पाहिलंही नाही.
तेवढ्यापुरती ती
ओवलेलीच सुई पुन्हा ओवत बसायची.

तिचे केस इतके बारीक कुरळे
की कापलेले दोरे त्यात हरवून जात.
पणजीच्या आईला मोझांबिकहून आणलं होतं.
ज्या घरात आणलं ते घर अजून उभं आहे,
दर दिवाळीला नाही तर नाताळाला रंग लागतो त्याला.
शाळेत पोरं पिएदादला खापरी म्हणत.
तिची मुलगी आता मडगावात जाऊन
केस सरळ करून घेते, अर्धा पगार घालून.
पिएदाद त्यावर एकदाच बोलली,
इस्त्री कपड्यांना करतात.

रुझार गेला त्या वर्षी
पाऊस नव्हता, कापणी नव्हती,
कुणालाच काही काम नव्हतं.
लाल मुर्शांतला एकही आला नाही.
निळे सहाजण आले,
घंटा वाजली ती लहान.
तिसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली.
चिठ्ठीवर तारीख होती.

आणि मग तिने टेप
खिळ्यावरून उतरवली.
मला म्हणाली, उभी राहा. सरळ.
लाल कापड माझ्या खांद्यांवर टाकलं,
गळ्याशी टाचणी लावली,
दोन पावलं मागे सरून बघितलं,
पुन्हा पुढे आली, पुन्हा टाचणी.
तिची थंड बोटं माझ्या मानेला लागत होती.
आरशाला तडा गेलेला.
त्यात मी, दुसऱ्या खांबापलीकडची पोर,
अर्धी लाल.
हसू येत होतं, भीतीही वाटत होती.
जुने मुर्से पोत्यातच पडून होते.
मी म्हटलं, माप तर त्यात आहे.
तिच्या तोंडात टाचण्या होत्या,
ती काही बोलली नाही.

फेस्ताला मी रस्त्यावर गेले.
बँड, मेणबत्त्या, पालखीतला सायब,
आणि त्याच्यामागे बारा लाल मुर्से.
बाराही जण जरा आखडून चालत होते.
भाटकार सारखा गळ्यात बोट घालत होता,
दोतोराला मान वळवता येत नव्हती,
त्यामुळे त्याने मला पाहिलं नाही.

पिएदाद कडेला, बायकांच्यात.
तोंडात टाचण्या नव्हत्या,
तरी ओठ तसेच
घट्ट मिटलेले.